मोझांबिकला फुल्ल रेंज

टेलिकॉममधल्या माणसाशी लग्न केलं की घरात वायरींचे तुकडे साठतात, असं मला लग्नाआधी कोणीतरी सांगितलं होतं. वायरी काही साठल्या नाहीत. किस्से मात्र इतके साठलेत की कपाटाचं दार लागत नाही! तिकडचे तो सांगतो, इकडचे मी सांगते, आणि दोन्हीकडचे शेजारी त्यात आपापलं मीठ घालतात.

आधी ओळख करून देते. रुपेश, माझा नवरा, आफ्रिकेत मोझांबिक देशात गावोगाव इंटरनेट पोचवतो. आधी टॉवर, मग जमिनीखालून फायबर, मग शाळा आणि दवाखाने. आणि मी, त्याची बायको, गोव्यात पेडणे तालुक्यातल्या पार्श्यात एका कांडीच्या रेंजवर संसार करते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. फरक एवढाच की आमचा दिवा समुद्रापलीकडे लागलाय आणि अंधार इथे पडलाय!

झोप उडवणारी गोष्ट मात्र वेगळी आहे. रुपेश गेला तेव्हा दुर्वा पाळण्यात होती. मधे एक रजा ठरली होती, ती प्रोजेक्टने खाल्ली. आता दुर्वा बालवाडीत जाते, पोपटासारखी बोलते, आणि तिने बाप पाहिलाय तो फक्त मोबाइलवर. काजूचा हंगाम संपता संपता तो येणार हे नक्की झालं आणि त्या रात्रीपासून माझं सुरू झालं. ही त्याच्याकडे जाईल का? की मला चिकटून ‘हो अंकल कोण?’ म्हणेल? शेजारी ती शांत झोपलेली, आणि मी ‘बाळ वडिलांना ओळखत नसेल तर’ असं सर्च करतेय. तेही पान उघडत नव्हतं, गोल गोल फिरत होतं. रेंज!

* * *

म्हापशाच्या बालरोगतज्ज्ञांकडे दुर्वाला डोस द्यायला नेलं होतं. डॉक्टर चष्म्यावरून म्हणाले, “स्क्रीन टाइम किती?”

मी लेख वाचणारी आई. छाती फुगवून सांगितलं, “कार्टून नाही, गाणी नाही, गेम नाही. काहीच नाही, डॉक्टर!”

“व्वा! म्हणजे शून्य?”

“शून्य नाही... बाबा बघते.”

“बाबा म्हणजे काय? नवीन सिरियल?”

मी सगळं समजावलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, बराच विचार केला, आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, “चालेल. पण जेवताना बाबा नको हां. सवय लागते!”

* * *

नवरा टॉवर उभारतो म्हणजे बायकोला मोबाइलमधलं सगळं कळतं, अशी पार्श्याची पक्की समजूत आहे. मी वनस्पतिशास्त्राची पदवीधर. पण वाड्यावर कुणाचा स्पीकर बसला, कुणाचं रिचार्ज पडलं नाही, की माणूस आमच्या पायरीवर.

एकदा पेडण्याच्या बाजारात ओळखीच्या एका काकांनी मला भर रस्त्यात अडवलं. “गो बाय, तुझो घोव थंय टावर उबारता मगे? त्याका सांग, येताना एक हांगा घेवन यो!”

मी म्हटलं, “काका, टॉवर बॅगेत मावत नाही.”

“ल्हानसो हाड म्हणून सांग! आमच्या वाड्यापुरतो!”

* * *

आमच्या घरात रेंज एका कांडीची, तीही माळ्यावर चढलं तर. म्हणून रुपेशचा फोन घ्यायला मी रोज संध्याकाळी दुर्वाला काखेत मारून घरामागच्या सड्यावर जाते. जांभ्या दगडाचा उघडा माळ, कडेने काजूची झाडं, एका ठरावीक खडकावर उभं राहिलं की चार कांड्या. दुर्वा कपडे बदलायला टाळाटाळ करायला लागली की मी म्हणायची, “चल चल, बाबाकडे जायचंय ना?” आणि निघायचो सड्यावर.

बालवाडीच्या टीचरनी एक दिवस मला थांबवून घेतलं. इतर आया जाईपर्यंत थांबल्या. मग माझा हात हातात घेऊन हळूच म्हणाल्या, “सगळां बरां आसा मगे घरात?”

“हो. का हो?”

“ना, म्हणजे... काल हांवें भुरग्यांक विचारलां, बाबा खंय आसता? कोण म्हणलां ऑफिसात, कोण म्हणलां शेतात. तुझां चेडू म्हणलां, बाबा सड्यार रावता. खडकार.”

मला हसू आलं, पण टीचर हसल्या नाहीत. “आनी म्हणलां, आई रोज सांजची त्याका भेटूंक वयता. आजयेक सांगनासतना.”

शेवटचं वाक्य दुर्वाचं स्वतःचं होतं. सासूबाई पाचेक मिनिटं दिसल्या नाहीत की तिच्या मते त्यांना काही माहीत नसतं. पण टीचरच्या चेहऱ्यावरची काळजी बघून मला क्षणभर माझाच संशय आला! घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “बरां जालां सांगलंय. कालच्यान ती शेजान्न म्हाका विचारता, तुमच्या झिलाचां नी सुनेचां जुळना काय?”

* * *

रुपेशच्या टीममध्ये आमच्याच गोव्यातल्या साखळी गावचा महेश आहे. आधी खाणीवर मशीन चालवायचा. खाणी बंद झाल्या, मशीन गेलं, हात राहिले. आता त्याच हातांनी मोझांबिकात केबलसाठी चर मारतो.

एका गावात चर मारायचा होता. मशीन उभं, डिझेल भरलेलं, आणि कुठल्यातरी थंड देशातून आलेला मोठा साहेब घड्याळ दाखवत होता. गावचा म्हातारा मुखिया म्हणाला, थांबा. आधी झाडाखाली आमच्या पूर्वजांना विचारावं लागेल. साहेब वैतागला. म्हणाला, परवानगी मंत्रालयाची आहे, पूर्वजांची कशाला? महेश, चालू कर!

महेशने चावी काढून खिशात टाकली. “साहेब, राखणदाराक विचारल्याबगर हांव भुंयेक बकेट लायचंय ना. आमच्या साखळेंतय लायना, हांगाय लायना!”

साहेबाने रुपेशकडे पाहिलं. रुपेश पार्श्याचा. तो काय सांगणार? घरी विहिरीचा पंप बदलताना आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, आधी नारळ ठेवून जागेच्या राखणदाराला, म्हणजे रक्षक देवाला, गाऱ्हाणं घालतात! रुपेश म्हणाला, “सर, ही स्टँडर्ड प्रोसीजर आहे.”

मुखियाने झाडाखाली घरची दारू ओतली आणि त्यांच्या भाषेत बोलला. मग तो ह्या दोघांकडे वळला आणि दुभाष्याने विचारलं, तुमच्याकडचेही कोणी बोलणार का? महेशने रुपेशला कोपर मारलं. रुपेशने आयुष्यात गाऱ्हाणं घातलं नव्हतं, फक्त मागून ‘होय म्हाराजा’ म्हटलं होतं. पण त्या दिवशी त्याने हात जोडले.

“बा देवा म्हाराजा, ह्या गावच्या राखणदारा! आमी परगांवची लेकरां तुझ्या भुंयेंत चर मारतंव. चूकभूल पोटांत घाल. केबल तुटूंक दिव नाका, मशीन बंद पडूंक दिव नाका, आनी ह्या सायबाक वायच दम धरूंक शिकय!”

“होय म्हाराजा!” महेश ओरडला.

गावाला शब्द कळला नाही, पण जागा कळली. पुढच्या वाक्याला अख्खं गाव ओरडलं, “होय म्हाराजा!” आता त्या भागात खांब उभा राहिला की मोझांबिकी कामगार आपणहून ओरडतात. साहेबाला वाटतं हा सुरक्षेचा काहीतरी नियम आहे. हेल्मेट सरळ करून तोही म्हणतो!

* * *

एका टॉवरचं दुखणं कुणाला कळेना. दिवसभर ठणठणीत, संध्याकाळ झाली की बंद. रुपेशने बॅटऱ्या तपासल्या, सोलर पॅनल पुसून घेतले, वायरी बदलल्या. पुन्हा तेच. शेवटी तो संध्याकाळी स्वतः जाऊन उभा राहिला.

बघतो तर टॉवरच्या कुंपणाशी जत्रा! गावात वीज नाही, पण टॉवर आल्यापासून मोबाइल घरोघरी. ते चार्ज कुठे करणार? टॉवरच्या वॉचमनने बॅटरीला बोर्ड जोडून दिलेला. कोणी फोन लावतंय, कोणी रेडिओ, एक बाई तर केस कापायचं मशीन घेऊन आलेली.

रुपेश म्हणाला, “काय सांगू तुला! सगळ्यांचे फोन फुल्ल, आणि टॉवर गार!”

पुढच्या महिन्यात त्याने गावासाठी वेगळं सोलर पॅनल लावून घेतलं. उद्घाटनाला केस कापणाऱ्या बाईने पहिला मान रुपेशला दिला. त्या आठवड्याच्या व्हिडिओ कॉलमध्ये दुर्वा त्याचं डोकं बघून पदराआड लपली. मी हसले, आणि नंतर भांडी घासताना हसू थांबलं. केस कापले तर लपते, मग सबंध माणूस समोर आला तर?

* * *

रुपेशची साइट सांभाळतात दोना अमेलिया. इंजिनियर आहेत, आवाज असा की टॉवरची गरज पडू नये. एकदा व्हिडिओ कॉलवर रुपेशने त्यांची ओळख करून दिली आणि नेमके त्या दिवशी आबा माझ्याबरोबर सड्यावर आले होते.

आबा लहानपणी पोर्तुगीज शाळेत जायचे. गोवा मुक्तीनंतर त्या भाषेची गरज संपली, आणि त्यांनी ती जुन्या कोटासारखी घडी करून ठेवून दिली. मोझांबिकात अजून पोर्तुगीजच चालते; बाईंनी तिकडून त्याच भाषेत नमस्कार केला मात्र, आबा खडकावरून ताडकन उठले, हात सरळ केले, शाळेत मास्तर आल्यावर उठावं तसे.

“बोआ तार्दी, सेन्योरा!”

बाई हसून हसून पडल्या. म्हणाल्या, इतक्या अदबीने माझ्याशी फक्त माझे आजोबा बोलायचे! मग विषय निघाला काजूचा. त्यांच्याकडेही काजू, आमच्याकडेही काजू. बोंडाचा रस ते कसा काढतात, आपण कसा तुडवतो. दारू गाळताना पहिली धार कशी ओळखायची. आबा हातवारे करतायत, बाई ओरडतायत, दुर्वा दोघांकडे टेनिस बघितल्यासारखी बघतेय. नवरा-बायकोचा फोन, आणि आम्ही दोघं आपापल्या बाजूला उभे! माझं बोलायचं राहिलंच. बॅटरी संपली.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. मी घाईघाईने केस सारखे केले आणि उचलला. समोर दोना अमेलिया. रुपेश म्हणाला, “सॉरी गो. त्या विचारतायत, आबा आसत?”

* * *

मग आला तो मोठा दिवस. एका आडगावच्या शाळेत पहिल्यांदा इंटरनेट जोडलं. अंगणात पडदा, अख्खं गाव जमलेलं, मुलं पुढे मांडी घालून, मुखिया खुर्चीत. ठरलं की गावातून पहिला व्हिडिओ कॉल करायचा. कुणाला? रुपेश म्हणाला, माझ्या घरी, भारतात! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मला त्याने आदल्या दिवशी सांगितलं होतं. पण वेळेचा हिशोब माझा चुकला. मी इकडे आहे तशी धावत सड्यावर, अंगात घरातला गाऊन, खांद्यावर टॉवेल, कडेवर रडणारी दुर्वा, पाठीमागे कुणाची तरी गाय. फोन उचलला तर समोर दोन-तीनशे माणसं हात हलवतायत!

मी तोंड उघडलं. नमस्कार म्हणणार होते. आणि आमची रेंज गेली.

तिकडच्या भल्या मोठ्या पडद्यावर मी तशीच राहिले. तोंड उघडं, एक डोळा अर्धा मिटलेला, मागे गाय. एक मिनिट झालं, दोन झाली. मुलं आधी हसली, मग काळजीत पडली. मुखियाने विचारलं, बाई बरी आहे ना? रुपेशने खाली मान घालून सांगितलं, “बरी आहे. आमच्या गावात नेटवर्क नाही.”

सगळीकडे चुकचुक झाली. मुखिया उठला, रुपेशच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “धीर धर. आमच्याकडे आलं, तसं एक दिवस तुमच्याकडेही येईल!”

* * *

आणि परवा रुपेश आला.

मोपाच्या विमानतळावर आम्ही सगळे. आबा, सासूबाई, मी, दुर्वा. मी तिला आठवडाभर तयार केलं होतं. घाबरायचं नाही, बाबाला पापा द्यायचा, फूल द्यायचं. लेखात लिहिलेलं होतं, मुलावर दबाव टाकू नका. मी म्हटलं, दबाव कुठे? फूलच तर द्यायचंय!

काचेचं दार उघडलं. बॅगांनी भरलेली ट्रॉली, आणि तिच्यावर रुपेशचं डोकं. सासूबाई रडायला लागल्या. दुर्वा माझ्या ओढणीत शिरली. रुपेशने तिथूनच हाक मारली, “दुर्वा!” तिने एक डोळा बाहेर काढला. आवाज ओळखीचा, चेहरा ओळखीचा. तोंडात बोट घालून ती बघत राहिली. फूल माझ्याच हातात.

रुपेश जागीच थांबला. पुढे यावं की नको, त्यालाही कळेना. मी काही बोलणार, तेवढ्यात त्याने ट्रॉली बाजूला केली आणि मोकळा उभा राहिला.

दुर्वाने तोंडातलं बोट काढलं. ओढणी सोडली. चालत गेली, त्याच्याभोवती पूर्ण एक फेरी मारली, वाकून बूट बघितले, गुडघ्यावर बोट टोचून पाहिलं.

“तुका पाय आसत?”

“आसत गो बाय,” रुपेशने एकेक पाय उचलून दाखवला. “दोनय आसत.”

आबा हसले, सासूबाई रडता रडता हसल्या, बाजूचा टॅक्सीवाला हसला. मी तर इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. दुर्वा मात्र हसली नाही. मान वर करून, कमरेवर हात ठेवून, तिने बापाकडे नीट पाहिलं.

“मगे इतले दीस चलत कित्याक येवक नाय?”