स्टेशनजवळचं घर आणि मनमाडचे पाहुणे

मूर्खपणा सगळेच करतात हो. पण पोहे करून, वर खोबरं भुरभुरून मूर्खपणा करणारा अख्ख्या नाशकात मी एकटाच असेन. ऐकाच.

नाशिकरोड स्टेशनच्या अगदी जवळ आम्ही भाड्याने फ्लॅट घेतला. माझी नोकरी इगतपुरीला, रोजचं जाणं-येणं गाडीने, त्यामुळे ही जागा म्हणजे आमचा जीव की प्राण. मालक पिंगळेकाका राहायचे गंगापूर रोडला.

जागा मिळाली आणि मला काय अवदसा आठवली कोण जाणे! दोन्हीकडच्या नातेवाइकांना सांगून बसलो, गाडीला याल तेव्हा आमच्याकडेच टेका.

लोक टेकले. देवळ्याहून बायकोकडचे, त्र्यंबकहून माझ्याकडचे. कुणाला अंघोळ करायची, कुणाला फोन चार्ज करायचा, कुणाला नुसतंच आडवं व्हायचं. एक काका तर गाडी रद्द झाली म्हणून आठवडाभर राहिले. आता त्यानंतर कितीतरी गाड्या गेल्या, पण हे त्यांना सांगणार कोण?

पिंगळेकाकांच्या कानावर गेलंच. म्हणाले, "मी फ्लॅट दिलाय, धर्मशाळा नाही. करार संपत आलाय, बघू काय ते."

आता पाहुणे बंद, असं आम्ही ठरवलं. पुढच्याच रविवारी बेल वाजली.

दारात एक गृहस्थ आणि बाई. ओळख काही पटेना. पण आपल्याकडे दारात आलेल्याला "तुम्ही कोण?" असं विचारायची सोय आहे का? उद्या तो जवळचा निघाला, की पुढच्या प्रत्येक लग्नात आपण तोंड लपवायचं. मी म्हणालो, "या, या. गाडी लेट होती का?"

"हो ना. मनमाडलाच थांबवली."

मनमाड! म्हणजे देवळ्याच्या बाजूचे, बायकोकडचे. मी निर्धास्त झालो आणि पोहे टाकायला सांगितले.

बाईंनी स्वयंपाकघरातली कपाटं उघडली, बाथरूममधले नळ सोडून पाहिले. मी मनात म्हटलं, बायकोचं माहेर, भोचकपणा रक्तातच. बायको त्याच वेळी मनात माझ्या घराण्याबद्दल नेमकं हेच म्हणत होती. पाहुण्यांदेखत भांडण नको म्हणून दोघंही गप्प.

"पानी कसं हे इथं?" गृहस्थांनी विचारलं.

मग काय, मला चेव चढला. पाणी भरपूर, हवा छान, शेजारी देवमाणसं. बाल्कनीत नेऊन स्टेशन दाखवलं. शेवटी म्हणालो, "अहो, अशी जागा सोडणारा माणूस वेडाच म्हणायचा."

ते माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघत राहिले. बायकोने बाईंना कुंकू लावलं, ब्लाउजपीस दिला. मंडळी निघाली.

"तुझे पाहुणे गोड होते," मी म्हणालो.

"माझे? मला वाटलं तुमच्याकडचे."

तेवढ्यात पिंगळेकाकांचा फोन. आवाजात कधी नव्हे तो गोडवा.

"मनमाडची मंडळी येऊन गेली ना? मला वाटलं होतं, तुम्ही जागेला नावं ठेवाल. तुम्ही तर पसंत पाडून दिलीत. एक तारखेपासून घेताहेत."

"पण काका, आम्हाला निदान कळवायचं तरी..."

"कळवणारच होतो. म्हटलं, आधी कुणी घेतंय का ते बघावं."

फोन ठेवला. बायको कपाळाला हात लावून बसली होती. म्हणाली, "निदान ते दाराचं मेलं कुलूप तरी छळेल त्यांना. आपल्याला महिना लागला होता उघडायला शिकायला."

मी मान खाली घातली. दार जरा वर उचलून किल्ली कशी फिरवायची, हे मंडळी निघताना मी त्यांच्याकडून दोनदा करवून घेतलं होतं.