अवीदादाचा रेफरन्स

अवीदादा गेल्याचं वहिनींनीच फोनवर सांगितलं. "भाऊजी, हे उठतच नाहीयेत..." एवढंच. मी सिकंदराबादहून तारनाक्याला त्यांच्या घरी पोचेपर्यंत डॉक्टर बघून गेलेसुद्धा होते. त्याला आता दीड महिना झाला.

विद्यानगरला आम्ही एका खोलीत राहायचो, तो माझा सीनियर. आमच्या घरात डिग्री घेतलेला मी पहिला, हे मी आजही ताठ मानेनं सांगतो. पण डिग्रीचं पुढं काय करायचं, हे सांगणारं घरात कुणी नव्हतं. नोकरी लावून देणाऱ्या कन्सल्टंटचा फोन आला की मी नुसता "हो सर, हो सर" करायचो. "काय मियाँ, नोकरी मागतोयस की माफी?" अवीदादा ओरडायचा. बायोडेटातली 'वडिलांचा व्यवसाय: शेती' ही ओळ मी लाजून खोडली होती, ती त्यानंच परत लिहायला लावली.

मग पंचेचाळिशीत तोच घरी बसला. मॅनेजरनं एका पोरीच्या कामावर स्वतःचं नाव घातलं, म्हणून हा भर मीटिंगमध्ये बोलला आणि राजीनामा देऊन आला. त्यानंतर रोज नवा कन्सल्टंट. प्रोफाइल पाठवलंय, कळवतो म्हणायचे. कळवायचं कुणीच नाही. "हौ, कळवा निवांत, मी कुठं जातोय?" असं तो फोन ठेवल्यावर म्हणायचा.

एका ठिकाणी मात्र मुलाखतीच्या तीन फेऱ्या पार पडल्या. तिथल्या कन्सल्टंट बाईंनी पूर्वी मलाही नोकरी लावली होती. त्यांचा मला फोन आला. "सर, आपल्यातच ठेवा... अविनाश सरांनी मागची नोकरी का सोडली?"

मी खरं बोलणारा माणूस. म्हटलं, "मॅनेजरशी भांडण झालं. पण चूक मॅनेजरची होती."

पहिल्या वाक्यानंतर तिकडून कीबोर्डचा आवाज आला. दुसऱ्यानंतर नाही आला.

आठवड्यानं अवीदादा म्हणाला, "ती बाई फोनच उचलेना रे. तुला काही बोलली?"

"नाही."

त्यानं माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "बरं. चहा घेणार?"

गेल्या शनिवारी वहिनींनी लॅपटॉपमधले कागद काढून द्यायला बोलावलं. मी त्याच्या टेबलाशी बसलो होतो, तेवढ्यात माझा फोन वाजला. अनोळखी, तरुण मुलीचा आवाज, दुसऱ्याच कुठल्या कन्सल्टंटकडचा. "सर, अविनाश सरांनी रेफरन्स म्हणून तुमचं नाव दिलंय. मध्ये जागा थांबली होती, आता परत उघडलीय. त्यांचा फोन बंद लागतोय. ते म्हणाले होते, काहीही विचारायचं असेल तर याला विचारा, हा माझ्याबद्दलही खोटं बोलणार नाही."

माझ्याबद्दलही... म्हणजे त्याला कळलं होतं? की भोळेपणानं म्हणाला? तेव्हापासून मी ते वाक्य उलटंसुलटं करून बघतोय. विचारायचं आता कुणाला?

फोनवर मात्र मी बोललो. या वेळी मॅनेजरची चूक आधी सांगितली, भांडण नंतर. ती पोरगी, तो राजीनामा, विद्यानगरची खोली, सगळं सांगितलं. तो कसा आहे, ते सांगितलं. 'होता' हा शब्द तोंडात येईना. वहिनी दारात येऊन उभ्या राहिलेल्या मला उशिरा दिसल्या.

"वा, छान," ती मुलगी म्हणाली. "मग कधीपासून जॉइन होऊ शकतील ते?"

तो गेला, हे वाक्य मला वहिनींच्या समोर बोलावं लागलं, त्याच्याच खुर्चीत बसून. खुर्चीच्या पाठीला त्याचा इंटरव्ह्यूचा शर्ट इस्त्री करून अडकवलेला आहे. वहिनींनी तो अजून काढलेला नाही.