जिवंत माणसाचं सुतक

आमच्या ह्यांना अग्नी दिला त्या दिवशी हे माझ्यासमोर बसून पिठलं-भाकर खात होते. वाचणाऱ्याला वाटेल, म्हातारीचं डोकं फिरलंय. पण आमच्याकडे तशी रीत होती. घरातलं माणूस धर्म सोडून गेलं की त्याला मेलेलं धरायचं, आणि नुसतं धरायचं नाही, तर त्याचे सगळे सोपस्कार उरकायचे. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, औंढ्याहून भटजी बोलावले, पळसाच्या देठांचा माणसाएवढा पुतळा बांधला, त्याला धोतर गुंडाळलं आणि नदीकाठी नेऊन स्वतःच्या हाताने पेटवला. आमच्या झोपडीतून धूर दिसत होता. ह्यांनी धुराकडे पाहिलं, मला आणखी एक कांदा फोडायला सांगितला, आणि मग घास हातात धरून नुसते बसून राहिले.

थोड्या वेळाने भावकीतल्या बायका माझं कुंकू पुसायला आणि बांगड्या फोडायला आल्या. त्यांच्या हिशेबाने त्यांचंही बरोबरच होतं. नवरा जळाला म्हणजे बायको विधवा. मी चुलीतलं जळतं लाकूड उचललं आणि म्हटलं, "या, कोन येऊन राहिली फुडं? आधी ह्यांना हात लावून बघा, मेले का जिते ते." कुणी पुढे आली नाही. जाता जाता एक जाऊ तेवढी म्हणाली, "तू बी त्याच्यासंगं मेलीच म्हन आता." ती खरं बोलली होती. त्यानंतर पाणवठ्यावर, हट्टा गावच्या बाजारात, सणावाराला आम्ही दोघं गावाला दिसेनासे झालो.

घडलं होतं ते एवढंच. गाडी उलटून ह्यांच्या मांडीचं हाड मोडलं. दूरच्या मिशनच्या दवाखान्यात हे कितीतरी महिने पडून होते, आणि लंगडत परत आले ते ख्रिस्ती होऊन. "पाय नीट कराया धाडलं, तर देव बदलून आले," म्हणून मी डोकं आपटून घेतलं. तसं पाहिलं तर मामंजींनी ख्रिस्त चालवून घेतला असता. देवघरात एका देवाची भर पडली म्हणून काय बिघडणार होतं? पण गावकुसाबाहेरच्या वस्तीत जी ख्रिस्ती माणसं होती, त्यांच्या पंगतीला हे जाऊन बसले, त्यांच्या हातचं जेवले, आणि तिथेच सगळं संपलं. आम्हाला घर सोडावं लागलं. वस्तीत मिशनने भक्तीसाठी एक मातीची खोली बांधली होती, तिच्याशेजारी आम्ही झोपडी घातली. माझ्या मनाची तयारी होती का, हे मला कुणी विचारलं नाही. नवरा जिथे, तिथे मी, एवढंच मला ठाऊक होतं.

मामंजींचं शेत वस्तीच्या पलीकडे होतं, त्यामुळे त्यांची वाट रोज आमच्या दारावरून. ते येताना दिसले की हे उठून उभे राहायचे आणि म्हणायचे, "दादा, रामराम." मामंजी थांबायचे नाहीत, मानही वळवायचे नाहीत. चिडून तोंड फिरवलं असतं तरी परवडलं असतं, त्यात निदान राग तरी असतो. ते आमच्या दाराकडे सरळ बघत जायचे आणि तिथे त्यांना काही दिसायचंच नाही. मी ह्यांच्यावर करवादायचे, "काहून रोज अपमान करून घेता?" हे म्हणायचे, "बाप हाय ना माझा. कवातरी ऐकू येईन." किती वर्षं हा रामराम चालला! मला त्या माणसाच्या चिवटपणाचा राग यायचा, आणि कीवही.

आमच्या भक्तीच्या खोलीत, ख्रिस्ताला खिळलं त्या उत्तम शुक्रवारची एक पद्धत होती. ख्रिस्ताने वधस्तंभावरून जे सात उद्गार काढले, त्यांच्यावर सात जणांनी उभं राहून बोलायचं. चौथा उद्गार ह्यांचा ठरलेला. त्यात ख्रिस्त ओरडून देवाला विचारतो, मला का टाकलंस? वस्तीतली माणसं हा उद्गार घ्यायला कचरायची. दुसऱ्यांना क्षमा करणं, आईची सोय लावणं, त्याच्यावर चार शब्द बोलता येतात. ह्याच्यावर काय बोलणार? मिशनचा उपदेशक दर वर्षी समजावून सांगायचा, की साऱ्या जगाचं पाप त्या वेळी पुत्राच्या अंगावर होतं आणि बाप पवित्र, म्हणून बापाने तोंड फिरवलं. एकाला सोडलं म्हणून बाकीचे वाचले. लोक माना डोलवायचे. मला ते कधी गिळवलं नाही. मी बायकांच्या बाजूने एकदा मोठ्याने विचारलंच, "पोरगं खिळ्यावर लटकलंय आन् बाप तोंड फिरवतो, तो कसला बाप?" उपदेशक म्हणाला, "बाई, हे फार गूढ आहे." गूढ कसलं डोंबलाचं! मी ते माझ्या दारावरून रोज जाताना बघत होते.

हे मात्र उभे राहिले की फार बोलायचे नाहीत. एका वर्षी म्हणाले, "ज्याला बाप न्हाई, तो असा वरडत न्हाई. कोनी ऐकून राहिलंय असं वाटतं, म्हून मानूस वरडतो." मला त्यांचं हे बोलणं पटलं होतं. पुढे जे झालं त्याने तेही माझ्या हातून गेलं.

त्या वर्षी जोंधळा खळ्यावर आला होता आणि ह्यांच्या पाठीवर काळपुळी उठली. आधी वाटलं साधं गळू, म्हणून पोटीस बांधत राहिले. मग तापाने अंग भाजायला लागलं. गाडीत घालून वसमतला नेलं, सरकारी डॉक्टरने चिरा दिला आणि उर्दूत आमच्या गाडीवानाला काहीतरी सांगितलं. गाडीवान परतीच्या वाटेवर एक अक्षर बोलला नाही, त्यावरून मी समजले. ह्यांना पालथंच निजावं लागायचं. एका कुशीला मान वळवून दाराकडे बघत पडायचे आणि एकच मागणं, "दादाला बोलव. एकडाव येऊ दे." पाणी नको, औषध नको. देवाचं नावही त्या दिवसांत मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. फक्त बाप.

मी गेले. मामंजी खळ्यावर वावडीच्या उंच तिवईवर उभे राहून वाऱ्यावर जोंधळा उपणत होते. मी डोईवरचा पदर पुढे ओढला आणि खळ्याच्या कडेला, जमिनीला डोकं टेकून म्हटलं, "मामंजी, हे जाऊन राहिले. एकडाव तोंड दावा." टोपली हलायची थांबली नाही. भुसा उडून माझ्या पदरावर पडत होता. मग ते खाली धान्य सारणाऱ्या सालगड्याला म्हणाले, "तिला म्हनाव, ज्याचं तेरावं जेवून झालं, तो दुसऱ्यांदा मरत नसतो."

मी काय काय बोलले ते आता सगळं लिहवत नाही. हात जोडले, पाय धरायला वावडीपर्यंत सरकले, आणि शेवटी शिव्याशाप दिले. आजवर सुनेने सासऱ्याला दिले नसतील असे दिले. त्यांनी दुसरी टोपली भरून मागितली. घरी परत येताना मला वाटत होतं, वाट संपू नये.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलंच नाही. तरी दाराकडे बघणं सोडलं नाही. माणसाची आशा इतकी निर्लज्ज असते. बाहेर कुणाच्या वहाणा वाजल्या की मान उचलायला बघायचे, आणि पाठीतली कळ त्यांना पुन्हा खाली पाडायची. उपदेशक आला, त्याने प्रार्थना केली, गाणं म्हटलं. म्हणाला, "धीर धरा, बाप जवळ आहे." हे स्वच्छ म्हणाले, "न्हाई. कोनीच न्हाई." उपदेशकाने पुन्हा गाणं धरलं. त्याच दिवशी, उन्हं कलली तेव्हा ह्यांनी एकदम दोन्ही हातांवर अंग उचललं आणि ओरडले, "दादा, मला काहून टाकलं?" त्या आवाजाने वस्तीतली कुत्री भुंकायला लागली. परत ते बोलले नाहीत.

उपदेशकाने डोळे मिटून आमेन म्हटलं. ह्यांनी जाताना तारणाऱ्याचा चौथा उद्गार उच्चारला, असं तो पुढे गावोगाव साक्ष म्हणून सांगत फिरला. लोक रडायचे, माझ्याकडे आदराने बघायचे. मला त्याचं तोंड दाबावंसं वाटायचं. अहो, त्यांनी कसला उद्गार म्हटला नाही, बापाला हाक मारली! पुढे मुलखात एक शिकलेला पाळक, म्हणजे धर्मगुरू, आला. तो म्हणाला, ख्रिस्त त्या वेळी जुनं स्तोत्र म्हणत होता, ते स्तोत्र दुःखात सुरू होतं पण त्याचा शेवट आनंदात आहे, म्हणून घाबरू नका. असेल. त्याने पुस्तकं वाचली आहेत. मी तो आवाज ऐकला आहे. त्या आवाजात कुणी स्तोत्र म्हणत नसतं. त्या आवाजापुढे शेवट कसला ते दिसतच नसतं. तेव्हापासून मला वाटतं की ख्रिस्तालाही त्या घटकेला पुढचं काही ठाऊक नव्हतं, तिसऱ्या दिवशी जिवंत उठणं वगैरे काही नाही. ठाऊक असतं तर तो ओरडला नसता.

ह्यांना ओढ्याच्या वरच्या अंगाला पुरलं. वस्तीतल्याच माणसांनी खांदा दिला. गावातलं कुणी फिरकलं नाही. पण सालगड्याच्या बायकोकडून एक बातमी कानावर आली. मामंजी देवघरात जात नव्हते, घोंगडीवर निजत होते, दूध-तूप शिवत नव्हते. सुतक धरून बसले होते. भावकी खवळली होती, की एका माणसाचं सुतक दोनदा कसं? ते ऐकून मला बरं वाटेल असं त्या बाईला वाटलं असावं. मला नुसता संताप आला. मेल्यावर सुतक धरायला येतं, जित्याला तोंड दाखवायला येत नाही?

कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून मी दुपारच्या उन्हात मातीवर बोरीच्या काट्या रचत होते, तेव्हा मामंजी आले. अनवाणी. मी पदर घेतला नाही, बाजूलाही झाले नाही. त्यांनी एक फांदी ओढून आणली आणि माझ्या फांदीवर टाकली, मग दुसरी. काटे हातात घुसत होते, त्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते सरळ माझ्याशी बोलले.

"शेवटाला काय म्हनला?"

मी सांगितलं. जसंच्या तसं, एक अक्षर न वगळता. त्यांना लागावं म्हणूनच सांगितलं.

ते तिथेच मातीत बसले. "धाकट्या लेकाच्या दोन पोरींची लगनं उजवायची ऱ्हायली," ते म्हणाले. "तुमच्या दारात पाय ठेवला असता तर भावकीनं त्यायला बी टाकलं असतं. एकाला सोडलं म्हून बाकीचे…" उपदेशकाच्या तोंडून दर वर्षी ऐकलेलंच ते वाक्य होतं. तिथे ते ऐकून लोक माना डोलवायचे. इथे बोलणारा माणूस मातीत बसला होता, आणि ज्याला सोडलं तो काट्यांखाली होता.

"तू खळ्यावरून गेलीस," ते म्हणाले, "तवापासून मी माझ्या घरात दाराआड बसून त्याला हाका मारून राहिलो होतो. लेकरा, लेकरा म्हून. दिवस बुडेस्तोवर." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या माणसाचे डोळे मी आधी कधी नीट पाहिलेच नव्हते. अगदी ह्यांच्यासारखे होते. "पोरी, त्याला ऐकू गेली असन का एखांदी?"

व्हय म्हणणं माझ्या हातात होतं. उपदेशक असता तर त्याने म्हटलं असतं.

"न्हाई, मामंजी," मी म्हटलं. "न्हाई गेली."