सारख्या वेळेच्या दोघी

आलिमाने एमसीए केलं, पण पुण्याला नोकरीसाठी जायला घरून नकार आला. मग ती नाशिक रोडच्या एका छोट्या ऑफिसात जावामध्ये प्रोग्राम लिहू लागली. २००५ च्या हिवाळ्यात धावण्याच्या एका स्पर्धेचा निकाल कॉम्प्युटरवर लावायचं काम तिच्या गळ्यात पडलं. संयोजक रंगनाथ सर रोज नवं काहीतरी सुचवत आणि आदलं विसरत.

मुलींची शर्यत संपली. आलिमाने वेळा भरल्या आणि निकालाची प्रिंट फळ्यावर लावली. तेवढ्यात पेठहून आलेली छाया अनवाणीच टेबलापाशी आली.

"ताई, माझं नाव नाय त्यात."

"असेल गं, खाली बघ."

"खालीबी नाय. मी पळाले नाय का?"

आलिमाने पुन्हा प्रिंट काढली. नाव नाहीच. भरलेल्या माहितीत मात्र होतं.

"कॉम्प्युटर कसा चुकेल मॅडम? पोरीनेच फेरी चुकवली असेल," सर म्हणाले.

आलिमाचं डोकं सणकलं. आणि मग तिला दिसलं: छाया आणि सृष्टी, दोघींची वेळ एकच. जिची वेळ कमी ती आधी, वेळ सारखी असेल तर उत्तर शून्य, हा तुलनेचा नियम तिनेच लिहिला होता. नावं साठवली होती ट्रीसेटमध्ये, म्हणजे आपोआप क्रम लावणाऱ्या जावाच्या तयार संचात. तुलनेत शून्य आलं की त्याच्या लेखी दोघी एकच. दुसरीला तो आत घेतच नाही. परीक्षेत तिने हे पाठ करून लिहिलं होतं!

"सर, दोघीही दुसऱ्या आल्यात."

"दुसऱ्या नंबरची ढाल एकच आहे. वेळ सारखी असेल तर छातीवरच्या नंबरावरून लावा."

"पण पेठची गाडी उशिरा आली म्हणून हिला नंबर मागचा मिळाला. त्यात हिचा काय दोष?"

"पाहुणे खोळंबलेत, मॅडम!"

दात-ओठ खात आलिमाने तुलनेत ती एक ओळ घातली. सृष्टी दुसरी, छाया तिसरी. प्रोग्राम बिनचूक चालला.

"आम्ही संगंच आलो ना, ताई?" छायाने विचारलं.

"हो."

"मग?"

स्टेजवर टाळ्या सुरू झाल्या होत्या.

सोमवारी तिने प्रोग्राम नीट केला: नाव गळू नये म्हणून नंबर तुलनेत राहू दिला, पण वेळ सारखी असेल तर क्रमांकही सारखाच छापायचा. निकाल घेऊन ती सरांकडे गेली. छायाला निदान दुसऱ्या क्रमांकाचं प्रमाणपत्र तरी द्या म्हणाली.

"झालं गेलं आता. पुढच्या वर्षी बघू," सर म्हणाले.

पुढच्या वर्षी त्यांनी ते काम दुसऱ्याच कुणाला दिलं.