मेडेयीनला जायच्या आधी

रंगीत तालीम केल्याशिवाय काहीच न करणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो आमच्या नात्यात आला. माझ्या थोरल्या नणंदेचे, म्हणजे ताईंचे, यजमान. सांताक्रूझला लग्न असलं की भावोजी आदल्या दिवशीच तो हॉल बघून यायचे. एकदा तिथे दुसऱ्याच कुणाचं लग्न चालू होतं. यांना आग्रह झाला, हे पंगतीला बसले, आणि घरी येऊन आम्हाला बजावलं, "उद्या वांगं जपून घ्या, तिखट असतं." डॉक्टरकडे जायच्या आधी घरी खोकून बघणार, वरातीत नाचायच्या आधी मोरीत नाचून बघणार.

अशा माणसाने मोबाइलवर दक्षिण अमेरिकेतलं मेडेयीन शहर पाहिलं. एके काळी तिथे भरदिवसा गोळ्या सुटायच्या. मग डोंगरावरच्या वस्तीत सरकते जिने बसवले, वरून तारेवरचे पाळणे सोडले, आणि शहराचं रूपच पालटलं. ताईंना घेऊन तिथे चार दिवस जायचं, असं भावोजींनी ठरवूनच टाकलं. तिकिटं मुलगा काढणार होता. का जायचं, ते कुणी विचारलं नाही. घाटकोपरच्या डोंगरावर अगदी टोकाला त्यांचं घर, आणि गुडघे गेल्यापासून ताई खाली उतरल्याच नव्हत्या. भाजी, डॉक्टर, पाहुणे, सगळं वर यायचं.

तालमी सुरू झाल्या. तिकडे रात्र असते म्हणून भावोजी भरदुपारी खिडक्या लावून झोपायला लागले. तिकडे जेवणात राजमा असतो म्हणून आठवडाभर राजम्यावर राहिले. मॉलमधल्या सरकत्या जिन्यावरून इतक्यांदा वर-खाली झाले की वॉचमनने विचारलं, "काका, कुछ खो गया क्या?"

शेवटी ताईच म्हणाल्या, "अहो, तिकडचा डोंगर राहू दे. मला या डोंगराखाली कशी नेणार?"

एवढं मात्र राहूनच गेलं होतं. भावोजींनी खुर्चीला बांबू बांधले, गल्लीतल्या चार पोरांना गोळा केलं, आधी स्वतः बसून खाली जाऊन आले. पोरांची दमछाक झाली. मग ताई बसल्या.

मेडेयीनला जायचं अजून ठरलेलंच आहे. मला मात्र ती संध्याकाळ आठवते. खाली आल्यावर ताईंनी बांगड्या भरल्या, जुन्या भाजीवाल्याशी मनसोक्त भांडल्या, आणि रसवंतीत जाऊन बसल्या. ग्लास संपला तरी रस्त्याकडेच बघत होत्या. पोरं खुर्ची घेऊन उभी राहिली, तेव्हा हळूच म्हणाल्या, "अजून थोडं बसू या ना."

भावोजींनी सगळ्यांसाठी आणखी एकेक ग्लास सांगितला.