कार्ड रिकामं होईपर्यंत

धावण्याच्या शर्यतींचे फोटो काढणाऱ्या त्या माणसाला सगळे 'थांबा' म्हणत. तरुणपणी तो स्टुडिओत होता आणि स्टुडिओतल्या माणसाच्या तोंडात दोनच वाक्यं बसलेली असतात: थांबा, आणि हलू नका. पुढे स्टुडिओ बंद पडला, तो मैदानावर आला, पण जिभेचं वळण काही जाईना. पहिल्याच शर्यतीत सगळ्यात पुढे असलेला गडी शेवटच्या रेघेपाशी पोचतोय न पोचतोय तोच हा ओरडला, "थांबा!" आणि तो बिचारा खरंच थांबला. मागचा पुढे निघून गेला. फोटो मात्र असा आला होता की बघत राहावं. आपलं नशीब फिरलंय हे ज्याला अजून कळलेलं नाही, अशा माणसाचा चेहरा.

आता तो साठीला टेकला होता. गुडघे बोलू लागले होते, तरी तो रेघेच्या पलीकडे जमिनीवर बसूनच फोटो काढी. त्याचं म्हणणं असं की रेघ ओलांडल्यावर क्षणभर माणसाचा चेहरा कुणाचाच नसतो. आईचा नसतो, नवऱ्याचा नसतो, स्वतःचाही नसतो. मग लगेच कुणीतरी टॉवेल देतं, नाव घेऊन हाक मारतं आणि चेहरा पुन्हा मालकीचा होतो. त्या मधल्या क्षणासाठी तो बोट दाबून धरी आणि कॅमेरा खडखडत राही. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा कॅमेऱ्यातलं कार्ड काठोकाठ भरलेलं असायचं.

घर म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी कॉम्प्युटर, त्याच्याखाली धुळीचा आणि वायरींचा गुंता. बायको होती तेव्हा कार्ड कॉम्प्युटरवर उतरत असताना शेजारी स्टूल घेऊन बसायची. कार्ड वाचायचा रीडर जुना, झाकण तुटलेला. तिनेच त्याला औषधाच्या पेटीतली चिकटपट्टी लावली होती. पडद्यावर एकेक चेहरा यायचा आणि ती म्हणायची, "हा बघा, ह्याला घरी जायचंच नाहीये." ती गेली, स्टूल भिंतीशी गेलं. चिकटपट्टी तेवढी राहिली.

मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात होती. तिला फोन करावा असं त्याला रोज वाटे, पण काम नसताना फोन करणं म्हणजे न सांगता कुणाच्या घरात शिरणं, असा त्याचा स्वभाव. एकदा तिनेच कसलातरी पत्ता विचारायला फोन केला. हा म्हणाला, "बोल बोल, कार्ड लावलंय, तोवर मोकळाच आहे." त्या दिवशी बोलणं लांबलं. पुढच्या शर्यतीनंतर त्याने कार्ड लावलं आणि स्वतःहून फोन केला. "कार्ड लावलंय," तो म्हणाला, जणू फोन करायला तेवढं कारण पुरे. आणि पुरलंही. तेव्हापासून तो शिरस्ताच पडला. शर्यत झाली की कार्ड, कार्ड लागलं की फोन. पडद्यावरची हिरवी पट्टी सरकत राही. उरलेला वेळ कॉम्प्युटर सांगे, पण त्याचं काही खरं नसे. आत्ता पाच मिनिटं म्हणे आणि मग विचार बदलून पाऊण तासावर जाई. बापलेक त्यावर हसत. शेवटी टिंग असा आवाज होई, तो म्हणे, "चला, झालं कार्ड," आणि फोन ठेवी. निरोपाचं दुसरं वाक्य दोघांनाही ठाऊक नव्हतं.

घोडं अडलं ते ऑफिसात. शर्यतींचे फोटो विकणाऱ्या कंपनीत सगळी कामं वाटणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी त्याला बोलावून घेतलं.

"थांबासाहेब, लोक घरी जाऊन, अंघोळ करून, जेवून झोपतात, मग तुमचे फोटो येतात. वरातीमागून घोडं. झोपलेल्या माणसाला स्वतःचा फोटो विकत घ्यावासा वाटतो का?"

"रीडर जुना आहे, बाई."

"मग तो बदला. नाहीतर मला माणूस बदलावा लागेल." आणि थोडं मऊ होऊन, "तुमच्यासारखे फोटो कुणाचे नसतात हो. पण आजकाल आधी येईल तो चांगला."

त्या संध्याकाळी त्याने मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "अहो बाबा, मी कधीची म्हणतेय. घ्या ना नवीन. किती वेळ अडकून पडायचं माणसाने!"

ती कुणाबद्दल म्हणाली, हे त्याने विचारलं नाही. रात्रभर ते वाक्य मात्र घशात अडकलेल्या काट्यासारखं राहिलं.

कॅमेऱ्याच्या दुकानात बारीक शिडशिडीत दुकानदार कानावर स्क्रूड्रायव्हर खोचून बसला होता.

"काय काका, आज वाट चुकलात?"

"रीडर हवाय. वेगाचा."

"तुम्हाला? वेगाचा?" दुकानदाराने हात जोडले. "आता उद्या कासव येईल माझ्याकडे, पळायचे बूट मागायला."

पण थट्टा करता करता त्याने काचेवर तीन रीडर मांडले. एकाला सगळ्या तऱ्हेच्या कार्डांसाठी खाचा होत्या. "हा नको. ह्याला इतकी तोंडं की एकही धड बोलत नाही." दुसरा प्लास्टिकचा, हलका. "हा पळतो बरा, पण तापतो, आणि तापला की बसतो. माझ्या मेहुण्यासारखा." तिसरा धातूचा, बोटाएवढा, हाताला गार. "हा घ्या. पण आधी कार्ड दाखवा."

त्याने कार्ड दिलं. दुकानदाराने ते उजेडात धरून त्याच्यावरचा बारीक आकडा वाचला. "कार्ड दमाचं आहे. नाहीतर लोक रीडर भारीतला नेतात आणि कार्ड मरतुकडं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बरं, वायर ह्याचीच लावा. मोबाइलच्या चार्जरची कुठलीतरी ओढून लावू नका. आणि कॉम्प्युटरला निळं तोंड आहे का? खाचेच्या आत निळी जीभ असते बघा."

"पुढच्या बाजूला आहे. मागची सगळी काळी."

"मग पुढे लावायचा. काळ्यात लावलात तर नळ केवढाही मोठा बसवा, पाइप बारीकच."

तो रीडर हातात फिरवत राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "आणि समजा... कधी सावकाश हवं असलं तर?"

दुकानदाराने कानावरचा स्क्रूड्रायव्हर काढला, पुन्हा खोचला. "काका, आजवर असं कुणी विचारलं नाही मला." मग म्हणाला, "काळ्यात लावा. आपोआप सुतासारखा सरळ होतो."

पुढच्या शर्यतीनंतर त्याने नवा रीडर निळ्या तोंडात लावला, कार्ड सरकवलं आणि फोन केला. "कार्ड लावलंय."

"नवीन रीडरवर? वा! कसा आहे?"

"बघायचं. तू कशी आहेस?"

"मी बरी. गुडघा काय म्हणतो तुमचा?"

"म्हणतो, बसू नको."

ती हसली. "बाबा, अहो, मला तुम्हाला सांगायचं होतं, ह्यांचं ना..."

टिंग.

पट्टी भरून गेली होती. त्याने पडद्याकडे पाहिलं. इतक्या लोकांचे चेहरे, एवढी धाप, एवढा घाम, एका हसण्याच्या अवधीत या बाजूचे त्या बाजूला आले होते.

"झालंसुद्धा?" तिने विचारलं.

"झालं." मग जिभेच्या वळणाने तो म्हणून गेला, "चला, झालं कार्ड," आणि फोन ठेवला. ठेवल्यावर त्याला आठवलं, ती काहीतरी सांगत होती. परत फोन लावायचा तर काय म्हणून लावायचा? कार्ड तर झालं होतं. ऑफिसच्या बाईंचा निरोप आला, "शाब्बास, थांबासाहेब!" त्याने तो वाचला आणि बराच वेळ भिंतीशी असलेल्या स्टुलाकडे बघत बसला.

त्याच्या पुढच्या वेळी तो कॉम्प्युटरच्या मागे वाकला, गुडघ्याच्या शिव्या खाल्ल्या आणि वायर काळ्या तोंडात खुपसली. पट्टी जुन्या सवयीने गोगलगायीसारखी निघाली. त्याने फोन केला.

"मागे तू काहीतरी सांगत होतीस."

"काही नाही हो. ह्यांना रात्रपाळी लागलीय. मी येते ऑफिसातून, तोवर हे निघालेले. दाराशी गाठ पडली तर पडली." मग ती स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाबद्दल बोलली, समोरच्या म्हाताऱ्याच्या मांजराबद्दल बोलली, दोन खुर्च्यांपैकी एकीवर आता आपण कपडे टाकतो हे बोलली. तो ऐकत होता. मध्ये मध्ये कानात टुक टुक वाजत होतं, दुसरा फोन येत होता. तो कुणाचा हे त्याला ठाऊक होतं. त्याने वाजू दिलं.

टिंग झालं तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं. पाठोपाठ ऑफिसच्या बाईंचा फोन.

"नवीन रीडर घेतला ना तुम्ही? मग कुठे पेंगत होतात?"

"वायर चुकीच्या तोंडात लागली होती."

"हे बघा, मी तुमच्या वयाकडे बघून गप्प बसते. अजून एकदा असं झालं, तर रेघेपाशी दुसरा माणूस बसलेला दिसेल तुम्हाला."

त्याने विचार केला. रेघ सोडून त्याला दुसरं काही येत नव्हतं. आणि रेघ गेली की कार्ड गेलं, कार्ड गेलं की फोनही गेला. म्हणजे वेग धरला तर बोलणं मरतं, आणि सोडला तर बोलण्याचं निमित्तच मरतं. इकडे आड, तिकडे विहीर. मध्ये एक बोटाएवढी धातूची डबी.

त्यानंतरची शर्यत मोठी होती. त्याने घरी येऊन कार्ड निळ्या तोंडात लावलं, चेहरे उतरवले, पाठवले, ऑफिसातून पोचल्याचा निरोप आला. त्याने कार्ड रिकामं केलं, कॉम्प्युटर बंद केला. त्याच्या आतल्या पंख्याची घरघर थांबली आणि खोलीला आपण खोली असल्याची आठवण झाली. अजून उजेड होता. त्याच्याकडे अख्खी संध्याकाळ होती आणि तिचं काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं.

त्याने रिकामं कार्ड तळहातावर घेतलं. नखाएवढं, काळं, ज्यात कुणीच नव्हतं असं. मग फोन लावला.

"कार्ड लावलंय," तो म्हणाला.

 ती ह्याच खोलीत वाढली होती. इथल्या कॉम्प्युटरच्या घरघरीत तिने अभ्यास केला होता, त्याच घरघरीत तिला झोप लागायची.

"बाबा," ती म्हणाली, "पंखा ऐकू येत नाहीये."

त्याने कार्ड मुठीत मिटलं. एका खोट्यावर दुसरं रचायची त्याला सवय नव्हती, सुचलंही नाही.

"मोठं कार्ड आहे का?" तिने विचारलं.

"मोठं आहे."

"मग वेळ लागेल."

"लागेल असं दिसतंय."

"बरं. भांडी पडलीत माझी. फोन इथे कट्ट्यावर ठेवते, ठेवू नका हं तुम्ही."

तिकडे नळ सुटला. ताटावर ताट वाजलं, एक चमचा खाली पडला, ती स्वतःशीच काहीतरी पुटपुटली. नंतर नुसतं पाणी वाहत राहिलं. तो उठला, भिंतीशी असलेलं स्टूल ओढून खिडकीपाशी आणलं, फोन स्पीकरवर करून त्याच्यावर ठेवला आणि कॉम्प्युटरसमोर बसला. पडदा काळा होता. त्यात खिडकी दिसत होती, आणि खिडकीच्या अलीकडे एक चेहरा, अजून कुणी हाक न मारलेला.