ईटच्या माळावरची तिसरी हाक

भूमला जायचं कारण सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "तेवढ्यासाठी जातेस? मग कुंथलगिरीचे पेढे तरी घेऊन ये." तिचं चुकलं नाही. मी ज्या कामासाठी निघाले होते ते घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. तरी इथे प्रयत्न करते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

इंटरनेट चालण्याचे नियम लिहिणाऱ्या एका समितीत मी आहे. देशोदेशींची माणसं, बहुतेकांनी एकमेकांना पाहिलेलंही नाही, आणि आम्ही ईमेलवर एकेका शब्दावरून तावातावाने भांडतो. सध्याचा मसुदा बिनतारी ब्रॉडबँडवरून इंटरनेट कसं न्यावं याचा आहे. तारेवर एक हाक मारली की सगळ्यांना ऐकू जाते. हवेत तसं नाही. तिथे टॉवरला प्रत्येक घरावरचा सिग्नल घेणारा डबा वेगळा उठवावा लागतो, "आहेस का?" म्हणून. उत्तर आलं नाही तर तो पत्ता यादीतून काढायचा. किती हाकांनंतर काढायचा, हे एक कलम माझ्याकडे होतं. मसुद्यात तीन हाका होत्या. मी म्हणत होते, एक पुरे. जिवंत डबा पहिल्याच हाकेला उत्तर देतो, पुण्यातल्या प्रयोगशाळेत मी हजारदा पाहिलंय. उगाच बॅटरी आणि वेळ कशाला जाळायचा?

फक्त एक अडचण होती. ईटच्या पुढे माळावर आमचा चाचणीचा टॉवर आहे आणि तिथल्या एका वस्तीवर नऊ घरांच्या छपरांवर डबे बसवलेत. दिवसभर ते शहाण्यासारखे वागतात. सूर्य मावळला की पहिल्या हाकेला गप्प. दुसऱ्या हाकेला गप्प. तिसरीला नऊच्या नऊ उत्तर देतात. रोज. सोमवारपर्यंत मला मत कळवायचं होतं, म्हणून शुक्रवारी सकाळी स्वारगेटवरून बार्शीची एसटी धरली.

जाणाऱ्यांसाठी माहिती: बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा फायदा घ्या. बार्शीला गाडी बदलून भूम, रस्ता बरा आहे, शेवटच्या टप्प्यात कंबर सांभाळा. भूमच्या स्टँडबाहेर खव्याची दुकानं आहेत, तिथे ताजा खवा नुसता खाऊन पाहा. भूमहून ईटला जीप मिळते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही. मी पाऊण तास एका कोंबडीशेजारी बसून काढला. ईटला राहायला लॉज मिळाला नाही. आमचा टॉवर सांभाळणारे महादेव मला घ्यायला आले आणि मुक्काम त्यांच्याच घरी झाला. चाळिशीचे, बुटके, सतत हसणारे गृहस्थ. त्यांच्या बायकोने ज्वारीची भाकरी आणि हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं वाढलं. इतकं गरम आणि चवदार काही मी कित्येक महिन्यांत खाल्लं नव्हतं.

संध्याकाळी त्यांच्या मोटारसायकलवरून वस्तीवर गेलो. जानेवारी, दोन्ही बाजूंना कणसं भरलेली ज्वारी, वर माळावर पवनचक्क्या. वारा पडला होता तरी एक चक्की फिरत होती. मी विचारलं तर महादेव म्हणाले, "वर असतंय वारं. खाली कळत न्हाय."

पहिल्या घरापाशी त्यांनी गाडी बंद केली आणि हाक मारली, "भगवानरावऽ!" आत टीव्ही चालू होता. हाक गेली आणि टीव्हीचा आवाज बंद झाला. खिडकीत उजेड तसाच. कुणी आलं नाही.

"भगवानरावऽ!"

आत माणसं श्वास रोखून बसलीयत हे मला बाहेरून कळत होतं. तिसऱ्या हाकेला "व्हय, आलो, आलो" म्हणत दार उघडलं आणि टीव्ही पुन्हा बोलायला लागला. भगवानराव हसत बाहेर आले, चहाचं विचारलं, जणू मध्ये काही घडलंच नव्हतं.

"हे काय होतं?" मी नंतर विचारलं.

"दिस बुडल्यावर पयल्या हाकेला ओ द्यायची न्हाय मॅडम. दुसरीला बी न्हाय. मानूस असंल तर तिसऱ्यांदा हाक मारतंयच. दुसरं काय असंल तर ते दोनावर थांबतंय." मग ते हसले. "तुमचे डबे बी आमच्यावरच गेलेत."

शनिवारी दुपारी भगवानरावांच्या छपरावर चढून डबा उघडला. कारण अगदी सरळ निघालं. ऊन गेलं की डबा बॅटरीवर जातो आणि गाढ झोपतो. पहिल्या हाकेने तो जागा होतो, दुसरीच्या वेळी टॉवर शोधत असतो, तिसरीला उत्तर देतो. मला हायसं वाटलं. हा झोपेच्या सेटिंगचा दोष आहे, डबा बनवणाऱ्या कंपनीने तो दुरुस्त करावा, माझं म्हणणं बरोबरच आहे असं मी वहीत लिहूनही टाकलं. शेतातला कोवळा हुरडा आणि शेंगदाण्याची चटणी खात ते पुन्हा वाचलं. छान वाटत होतं.

टॉवरवरून पायी परतताना सूर्य नुकताच टेकला होता. महादेव दहा पावलं पुढे. माझ्या मागून, ज्वारीतून, एका बाईने हाक मारली, "वैशू!"

वैशू मला फक्त घरी म्हणतात. तिथे मी मॅडम होते, पुण्यात ऑफिसात आडनावाने. तोंड उघडलं होतं, ओ ओठांवर आली होती.

"मॅडम," महादेव वळून हळूच म्हणाले, "थांबा. बोलू नका."

आम्ही उभे राहिलो. पानांची सळसळ झाली, मग तीही थांबली. दुसरी हाक आली नाही.

"तुम्ही ऐकलंत?"

"न्हाय. पर तुमी थबकला तशी थबकलेली मानसं बघितलीत." आता ते हसत नव्हते. मला भीती वाटली, साधी, लहानपणीसारखी.

शेवटचं घर यमुनाकाकूंचं. साठीच्या पुढची, एकटी राहणारी बाई. आम्ही अंगणाच्या कडेला पोचलो आणि महादेवांनी हाक मारायच्या आतच त्या मोठ्याने म्हणाल्या, "ओ!" आमच्याकडे त्यांची पाठ होती. तोंड माळाकडे होतं.

"काकू, तुम्ही थांबत नाही?" मी विचारलं.

त्यांनी मला ओसरीवर बसवलं. "थांबले व्हते की माय. एकदा थांबले. आमचं मालक हिरीवर गेलं व्हतं, मोटार बंद कराया. दिस बुडला आन् 'यमुने' म्हनून हाक आली. म्या भाकरी थापत व्हते. दुसरी आली. म्हनलं, तिसरी येऊ दे, मग ओ देते." त्यांनी पदराने हात पुसले, ते कोरडेच होते. "पाय घसरून आत पडलं व्हतं. तिसरी माराया त्यांच्यात दम न्हवता. तवापासून दिस बुडला की म्या आधीच ओ देते. कुनी बी असू दे."

तेवढ्यात आत मोबाइल वाजला. व्हिडिओवर त्यांची लेक होती, सोलापूरला नर्स. वस्तीवर मोबाइलची रेंज नाही, सगळं छपरावरच्या डब्यातून. वडील गेल्यापासून ती रोज याच वेळेला फोन करते, आई आहे ना बघायला. याच वेळेला, जेव्हा डबा झोपलेला असतो. माझ्या एका हाकेच्या नियमाने टॉवर त्या लेकीला रोज सांगणार होता की असं कुणी नाही. मला स्वतःची लाज वाटली. वहीतलं पान मी तिथेच फाडलं.

रविवारी वाट वाकडी करून येरमाळ्याला येडेश्वरीचं दर्शन घेतलं आणि तिथून हायवेवरची गाडी पकडली. पेढे विसरले नाही.

घरी पोचताच, सोमवारची वाट न पाहता, मत पाठवलं: तीन हाका, त्याही पुरेसं अंतर ठेवून. एकाने लगेच उलट विचारलं, अचानक मत का बदललं? मी बॅटरीचं कारण दिलं. ते खरंच आहे. विहिरीचं लिहिलं नाही.

मग लॅपटॉप मिटला. बाहेर दिवे लागत होते. जिन्यातून हाक आली, "वैशू!" मी दचकले, दाराकडे पाहिलं. पुन्हा आली, "वैशू!" क्षणभर माळ आठवला, महादेवांचा तो आवाज आठवला. पण मी तिसरीची वाट पाहिली नाही. "ओ!" म्हणत अनवाणी धावले.

खालच्या वळणावर आई पायरीवर बसली होती, भाजीची पिशवी शेजारी, गुडघा दाबत. "अगं, एवढी धावत काय येतेस? पिशवी तर घ्यायची होती."

"दोनदा हाक मारलीस, म्हटलं काय झालं."

"दोनदा कुठे?" आई म्हणाली. "एकदाच मारली की."

मी पिशवी उचलली, आईला हात दिला आणि मागे न बघता वर आले.